आमदाराच्या ऑफिसात लागलायस आणि साहेबांना खासदार व्हायचंय, तर हे वाच

प्रश्न थोडक्यात असा आहे, नेरुळचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका आमदारांच्या ऑफिसात पीए म्हणून लागलाय, साहेबांच्या मनात २०२९ ची लोकसभा आहे, आणि तो विचारतोय की आमदाराचं आयुष्य नक्की असतं कसं, आमदाराचा खासदार होताना काय काय लागतं आणि माणसं कुठे घसरतात.

मी ठाणे जिल्ह्यात बावीस वर्षं स्वीय सहायक म्हणून काम केलं, दोन आमदारांकडे, वेगवेगळ्या पक्षांच्या. नावं सांगत नाही, ती त्यांची खाजगी बाब आहे. लोकसभेच्या चार निवडणुका आतून बघितल्या. तू माझ्या मुलापेक्षाही लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

आधी आयुष्याबद्दल, कारण बाहेरच्यांना टीव्हीवरचं विधानभवन दिसतं आणि तेच काम वाटतं. अधिवेशनं वर्षाला तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. बाकीचे दिवस आमदार म्हणजे सकाळी साडेसातला घराखाली उभी असलेली पंधरा-वीस माणसं. कोणाचा शाळाप्रवेश, कोणाला हॉस्पिटलात बेड, कोणाचं पाणी चार दिवस आलं नाही, कोणाच्या सोसायटीत भांडण, कोणाला मुख्यमंत्री सहायता निधीचा फॉर्म भरून हवाय. त्यानंतर महापालिका, कलेक्टर ऑफिस, एखादं भूमिपूजन, दुपारी मंत्रालय, आणि संध्याकाळी सात ते रात्री एक लग्नं, हळदी, पूजा, दहावं. आपल्या बेलापूर-ऐरोली पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीला गेला नाहीस तर ते लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या माणसाच्या घरात शुभकार्य आहे आणि तुम्ही फिरकला नाहीत तर कशाला मत द्यायचं?

त्यात ठाण्याची स्वतःची एक सवय आहे. आनंद दिघेंनी कधीही निवडणूक लढवली नाही, पण टेंभी नाक्यावर रात्री उशिरापर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसायचे, आणि नेता म्हणजे रात्री दोनला पण भेटणारा माणूस हे माप त्यांनी घालून दिलं. ते २००१ ला गेले, माप तसंच आहे. ठाण्यातला कुठल्याही पक्षाचा आमदार त्याच मापाने मोजला जातो.

वर आणखी एक भर पडली. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून कित्येक वर्षं महापालिकेत प्रशासक होता, नगरसेवकच नाहीत. गटार तुंबलं की लोक आधी नगरसेवकाला पकडायचे ते थेट आमदाराकडे यायला लागले. मी त्या काळात एका दिवसात ऐंशी-नव्वद माणसं बघितलीयत आणि त्यातली साठ कामं आमदाराच्या अखत्यारीतली नव्हतीच. पण "हे माझं काम नाही" हे वाक्य आमच्या ऑफिसात बोलायला बंदी होती, कारण समोरचा माणूस सुट्टी टाकून आलेला असतो.

यातलीच माझी एक चूक सांगतो. वागळे इस्टेटकडचा एक मुलगा वडिलांसाठी पत्र घेऊन गेला होता, सरकारी दवाखान्यात बेडसाठी. मी लेटरहेडवर पत्र दिलं, साहेबांची सही घेतली, फोन करतो म्हणालो आणि त्या दिवशी दोन लग्नं आणि एक मोर्चा होता, फोन राहिला. तिसऱ्या दिवशी तो मुलगा आला आणि काही न बोलता ते पत्र टेबलावर ठेवून गेला. वडील गेले होते. फोनने ते वाचले असते की नाही मला माहीत नाही, पण मी केला नाही एवढं नक्की. त्यानंतर मी रजिस्टर सुरू केलं, नाव, गाव, काम, कोणाला फोन केला, काय उत्तर आलं, परत कधी विचारायचं. बावीस वर्षांत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच, आणि पुढे लोकसभेच्या वेळी त्याचा कसा उपयोग झाला ते सांगतोच.

आता खासदारकी. कायद्याचं आधी उरकून टाकतो. आमदाराला लोकसभा लढवायला राजीनामा द्यावा लागत नाही. निवडून आला तर मात्र राजपत्रात निकाल प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवसांत विधानसभेची जागा सोडावी लागते, नाहीतर लोकसभेची जागाच रिकामी होते. हे लोकांना उलटं वाटतं, की आमदारकी आपोआप जाईल, तसं नाहीये. वयाची अट दोन्हीकडे पंचवीसच. डिपॉझिट विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, एससी-एसटी उमेदवाराला निम्मं, आणि झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली तर ते जप्त. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेलं, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर तुमचा उमेदवार पक्षाचा उरत नाही. शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, लागू नसेल तर "लागू नाही" असं लिहायचं. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र करू शकतो, आणि हे हरलेल्यालाही लागू आहे. हरलेला उमेदवार नेमका इथेच ढिला पडतो, तू पडू देऊ नकोस.

आता आपल्या महाराष्ट्रातली खरी मेख बघ. २००४ पासून लोकसभा एप्रिल-मेमध्ये होते आणि विधानसभा त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हा त्याच्या आमदारकीचे सहा-आठ महिनेच उरलेले असतात. जागा रिकामी झाली तरी मुदत वर्षाच्या आत संपणार असल्यामुळे पोटनिवडणूक लागत नाही. पक्षाला त्यामुळे आमदाराला उतरवणं स्वस्तात पडतं, जिंकला तर खासदार, हरला तर तो आहेच आमदार. पण त्या माणसासाठी ते स्वस्त नसतं, हरला की पाच महिन्यांत त्याच लोकांसमोर परत जायचं असतं, पडलेला चेहरा घेऊन आणि थकलेले कार्यकर्ते घेऊन.

२०२४ बघ. सोलापुरात दोन आमदार समोरासमोर होते, प्रणिती शिंदे खासदार झाल्या, राम सातपुते हरले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची माळशिरसची जागाही गेली. भायखळ्याच्या यामिनी जाधव दक्षिण मुंबईत हरल्या, मग भायखळ्यातही. उलट चंद्रपुरात हरलेले सुधीर मुनगंटीवार बल्लारपूरला निवडून आले आणि आपल्या शेजारच्या मुलुंडचे मिहिर कोटेचा ईशान्य मुंबईत हरून मुलुंडला परत आमदार झाले. कोटेचांचा निकाल मी तुला मुद्दाम विधानसभा क्षेत्रानुसार बघायला सांगेन. मुलुंडनं भरभरून दिलं आणि त्याच लोकसभेतल्या मानखुर्द-शिवाजीनगरनं सगळं वाहून नेलं. आमदार लोकसभेला हरतो तो बहुतेक वेळा असाच, आपल्या घरात नाही, बाकीच्या पाच घरांत, म्हणजे त्याच लोकसभेतल्या बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांत.

आपल्या ठाणे लोकसभेत ती सहा घरं म्हणजे मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. मतदार पंचवीस लाखांच्या आसपास. तीन महापालिका, तीन पोलीस आयुक्तालयं. आणि कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत असूनही लोकसभेला कल्याणमध्ये जातं, पनवेल नवी मुंबईला लागून असूनही मावळमध्ये. माझ्या एका कार्यकर्त्याने कळव्यात दोन दिवस पत्रकं वाटली होती, आणि तो ठाण्यातच लहानाचा मोठा झालेला मुलगा. तर पहिल्याच आठवड्यात भिंतीवर नकाशा लाव आणि प्रत्येक येणाऱ्या माणसाला त्यासमोर उभं कर.

खर्चाचं गणित कर. विधानसभेला मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. सहाने भाग, एका विधानसभा क्षेत्राला सोळा लाखसुद्धा येत नाहीत. म्हणजे आमदार म्हणून साहेबांना एका मतदारसंघात जेवढा खर्च करता यायचा त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. बूथवर हजार-बाराशे मतदार धरले तर दोन हजारांवर बूथ झाले, आणि प्रचाराला दिवस किती? २०२४ ला महायुतीने ठाण्याचा उमेदवार १ मे ला जाहीर केला, अर्जाची शेवटची तारीख ३ मे, मतदान २० मे. दहा वर्षं हळदीला जाऊन आमदार झालेला माणूस सतरा-अठरा दिवसांत पंचवीस लाख लोकांना भेटू शकत नाही, शक्यच नाही, आणि इथेच सगळं उलटं होतं. आमदार स्वतःच्या पायाने निवडून येतो. खासदाराला दुसऱ्यांच्या पायाने चालावं लागतं, म्हणजे बाकी पाच ठिकाणचे आमदार, माजी नगरसेवक, शाखाप्रमुख, बूथवाले यांच्या. आणि ते पाच आमदार मित्रपक्षाचे असले, वर स्वतःलाही खासदारकी हवी होती असे असले, की मग समोरून हार घालतात आणि मतदानाच्या दिवशी बूथवर आपल्या कार्यकर्त्यांचं टेबलच लागत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, सकाळी अकराला एका पूर्ण वॉर्डात आमचं एकही टेबल नव्हतं.

यावर उपाय काय? मी बरीच वर्षं विचार केलाय आणि माझं मत पक्कं झालंय. आमदाराने खासदारकीला उभं राहायच्या किमान तीन वर्षं आधी एक असा प्रश्न हातात घ्यावा जो सहाच्या सहा मतदारसंघांत फिरतो आणि त्याच्यासाठी झिजावं. एकच. सगळ्यांच्या घरी जाणारा माणूस ही ओळख सीमेवर संपते, अमुक प्रश्नाचा माणूस ही ओळख सीमा ओलांडून जाते.

दि. बा. पाटील साहेबांचं बघ. पनवेलमधून आमदार, मग १९७७ आणि १९८४ ला कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे खासदार. शेतकऱ्याच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी धरला तो सोडलाच नाही, जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून २०२१ ला किती माणसं सिडकोवर गेली ते तू बघितलं असशील, त्यात निम्मी पोरं त्यांना कधी भेटलेलीसुद्धा नव्हती. रामभाऊ म्हाळगी आधी मावळचे, मग पुण्यातले आमदार, ठाणे त्यांचं गावच नाही, तरी १९७७ आणि १९८० ला ठाण्याने त्यांना लोकसभेत पाठवलं. सभागृहातला अभ्यास आणि लोकांना कामाचा हिशोब देण्याची सवय ही त्यांची ओळख होती आणि ती त्यांच्या आधी ठाण्यात पोचली होती. रामभाऊ कापसे कल्याणचे आमदार, मग १९८९ आणि १९९१ ला ठाण्याचे खासदार. आणि अगदी शाखेपासून वर गेलेल्यांचं म्हणशील तर राजन विचारे, नगरसेवक, महापौर, २००९ ला आमदार, २०१४ आणि २०१९ ला खासदार. पण २०२४ ला ते लोकसभेला हरले आणि नोव्हेंबरमध्ये ठाणे विधानसभेला उभे राहिले तिथेही संजय केळकरांसमोर हरले. दहा वर्षं खासदार राहिलेल्या माणसालाही जुनी जागा तशीच वाट बघत बसलेली मिळत नाही. साहेबांना हे नीट समजावून सांग.

आता कुठला प्रश्न घ्यायचा ते साहेबांनी ठरवावं, पण मला विचारशील तर रेल्वे. एका लोकसभा मतदारसंघात मीरा रोड-भाईंदर पश्चिम रेल्वेवर, ठाणे मध्य रेल्वेवर, ऐरोली ते बेलापूर ट्रान्स हार्बर आणि हार्बरवर. सकाळी लटकत जाणारा माणूस सहाही ठिकाणी आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली, जीव गेले, मुंब्रा आपल्या लोकसभेत नसेल पण ठाण्यातल्या प्रत्येक घरात त्या दिवशी कोणीतरी कोणालातरी फोन करून पोचलास का विचारलं होतं. आमदार म्हणून साहेब विधानसभेत रेल्वेवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकू शकत नाहीत, तो केंद्राचा विषय, पण राज्याची बाजू धरू शकतात. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन घे, जागा मनोरुग्णालयाची म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याची, रूळ रेल्वेचे, आणि मध्ये महापालिका. असली कामं अडतात ती या सांध्यांत अडतात. जागा, पोहोचरस्ता, पादचारी पूल, स्टेशनबाहेरचे रिक्षा स्टँड, हे सगळं राज्याकडे आणि पालिकेकडे आहे, त्यावर लक्षवेधी सूचना लागते, खात्याचा निधी कापा म्हणून कपात सूचना देता येते, सरकारच्या जादा खर्चाच्या पुरवणी मागण्यांवर बोलता येतं. दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, त्याआधी ते बांधून तयार असून बंद होतं आणि लोक रोज त्याच्यासमोरून ऐरोलीला उतरायला जायचे. असल्या गोष्टींच्या फायली ज्याच्या कपाटात तारखेवार लावलेल्या असतात तो माणूस दिल्लीत पहिल्या दिवसापासून कामाचा असतो.

दिल्लीबद्दलही साहेबांना आधीच कल्पना दे, बरेच आमदार तिथे जाऊन हिरमुसतात. लोकसभेत ५४३ जण. दिवसाला तारांकित प्रश्न वीस, तेही बॅलटने म्हणजे सोडतीने निघतात, त्यातले उत्तराला पोचतात मोजकेच. शून्य प्रहरात दोन मिनिटं मिळाली तर मिळाली. विधानभवनात साहेब लॉबीत मंत्र्याला पकडून सही घेतात, तसं तिथे पहिल्या वर्षात जमत नाही. आणि निधीचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी, खासदारालाही पाच कोटीच, पण सहा विधानसभांत वाटून एकेकीला त्र्याऐंशी लाख. जो माणूस गटार-पेव्हर ब्लॉक-समाजमंदिरावर आमदार झाला तो खासदार झाल्यावर त्याच मतदाराला सहापट कमी देणार. आणि वर अधिवेशनात दिल्लीला असणार, म्हणजे हळदीलाही नाही. "निवडून आल्यापासून दिसलेच नाहीत" हे वाक्य सहा महिन्यांत ऐकू येतं. म्हणून जुना मतदारसंघ कोणाच्या हातात द्यायचा हे निवडणुकीच्या आधी ठरवा, आणि तो माणूस घरातलाच हवा असा हट्ट धरला तर वीस वर्षं सतरंज्या उचललेले कार्यकर्ते त्याच दिवशी मनाने निघून जातात. ते बोलत नाहीत. फक्त पुढच्या वेळी फोन उचलायला उशीर करतात.

रजिस्टरचं राहिलं होतं. आमच्याकडे दुसऱ्या साहेबांच्या वेळी अकरा वर्षांची नोंद होती. लोकसभेच्या वेळी आम्ही ती चाळली तर लक्षात आलं की आमच्याकडून काम झालेल्यांपैकी कितीतरी लोक आता आमच्या विधानसभेत राहतच नव्हते. भाड्याचं घर सोडून कोणी घोडबंदरला गेलं, कोणी मीरा रोडला, मुलगी लग्न होऊन घणसोलीला गेली. बाकीच्या पाच ठिकाणी आमचं कोणी नाही म्हणून आम्ही रडत होतो आणि आमची माणसं तिथे होतीच, वहीत. त्यांना साहेबांनी स्वतः फोन केले, दिवसाला चाळीस. मत द्या असं पहिल्या फोनला म्हणायचंच नाही, आईचं ऑपरेशन झालं होतं ना, आता कशा आहेत, एवढंच विचारायचं. त्यातल्या दीडेकशे लोकांनी स्वतःहून बूथवर बसायची तयारी दाखवली, आणि त्या निवडणुकीत न चुकता लागलेली टेबलं त्यांचीच होती. आम्ही ती निवडणूक हरलो, वारं उलटं होतं, पण पाच महिन्यांनी विधानसभा राखली.

तेव्हा सोमवारी गेलास की आधी एक्सेल उघड आणि जुन्या सगळ्या पत्रांच्या कॉप्या नंबरासकट त्यात चढवायला घे, गाव आणि आत्ताचा पत्ता असे दोन वेगळे रकाने कर. आणि साहेबांना एक दिवस गाडी, ताफा काहीही न घेता लोकलने आपला मतदारसंघ फिरायला सांग, रविवार नको, कामाचा दिवस. बेलापूरहून ट्रान्स हार्बरने ठाणे, ठाण्याहून भाईंदरला जायचं तर रूळ सरळ नाहीत, मतदारसंघाबाहेर पडून दादरला जायचं, गाडी बदलून परत वर यायचं. सकाळी सातला निघा, डबा सोबत घ्या, आणि तू वही घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहा.